गळ्यातली जनका

लग्नाच्या हळदीचे हात अजून पिवळेच होते. लक्ष्मीबाईनं नव्या सुनेला देवघरापुढं बसवलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "आजपासून तुझं नाव जनका. जनका म्हटलं की ओ द्यायची. कळलं का?"

सखूनं मान हलवली. नवरीचं नाव सासरी बदलतात हे काय तिला ठाऊक नव्हतं? तिच्या बरोबरीच्या पोरींत कुणाची गोदावरी झाली होती, कुणाची रुख्मिण. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव काढायचं, बायांनी गूळ खायचा, झालं. पोरी महिनाभर हाकेला चुकतात, हसतात, मग रुळतात. पण ते नाव कोरं तरी असतं, बाप्पा! हे वापरलेलं होतं. तातेराव ढवळ्याच्या पहिल्या बायकोचं हे नाव, आणि ती बाई विहिरीत जाऊन धड दोन महिनेही झाले नव्हते.

लक्ष्मीबाईनं तेवढ्यावर भागवलं नाही. काळ्या दोऱ्यात ओवलेला एक टाक तिनं सखूच्या गळ्यात बांधला. टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभी बाई उठवलेली. पहिली मेली की तिच्या नावानं घडवतात आणि दुसरीच्या गळ्यात घालतात. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपल्या अंगाला. सणाचा पहिला घास टाकापुढं, मग आपल्या तोंडात. दुसरीला पहिलीनं झोंबू नये म्हणून ही लाच.

"तिला वाटलं पाहिजे, आपूनच नांदून राहिलो," लक्ष्मीबाई म्हणाली. "घरात दुसरं नाव ऐकलं की तिला राग येईल. तेच नाव चालू ठिवलं म्हंजी ती तकलीफ देणार न्हाई."

हे झालं पोलीस ॲक्शनीनंतर चार-पाच वर्षांनी, वसमतच्या अंगाला असलेल्या एका हळदीच्या गावात. सखूला पंधरावं लागलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, नावात एवढं काय असतं? या मुलखात विचारा. इथं नाव म्हणजे नुसती हाक नसते, ती सौदेबाजी असते. लेकरं जगत नसली की पुढच्याला सुपातल्या कोंड्यावर टाकायचं, शेजारणीनं कोंड्यासकट उचलायचं, आईनं ते परत मागून घ्यायचं, आणि त्याचं नाव कोंडीबा. यमानं बघावं आणि म्हणावं, हा तर कोंडा, याला नेऊन काय करायचं! दगडाला कुणाची दृष्ट लागत नाही म्हणून दगडोबा. पिंपळावरच्या मुंजाला नवस बोलला म्हणून मुंजाजी. आणि आडनावाचं तर बोलायलाच नको. सखूचा आजा दिग्रसाहून उठून जवळा बाजारला आला म्हणून ते दिग्रसकर. तातेरावाच्या घराण्यात कुण्या पणज्यानं ढवळ्या बैलांची जोडी पाळली म्हणून हे ढवळे. बैलांचा रंग पिढ्यान् पिढ्या टिकला, आणि या पोरीचं नाव एका दुपारीत पुसून टाकलं. कुणाला काही वाटलंही नाही.

वाटलं ते फक्त सखूला. "जनका!" अशी हाक आली की ती आधी मागं वळून बघायची. तिला वाटायचं, आपण उठायच्या आधी दुसरंच कुणीतरी उठलं. चुलीपुढं बसावं तर पाट आधीच ऊबदार. दळायला बसावं तर जात्याचा खुंटा कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखा. गड्या, हे भास असतील, असतील नव्हे होतेच. पण पंधरा वर्षांच्या पोरीला भास आणि खरं यांत फरक कोण सांगणार? ती टाकावर हात ठेवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, "बाई गं, मी न्हाई आले, मला आणलं."

वर्ष सरलं आणि वैशाखात वर्षश्राद्ध आलं. सखू पुरण वाटत होती. वाटता वाटता तिचा हात थांबला. तिची सुपारी फुटली होती ती चैत्रात. बापाच्या ओसरीत, गावच्या पाटलासमोर, तिनं दाराआडून ऐकलेली.

"आत्याबाई, बाई वैशाखात गेली ना?"

"व्हय."

"मंग माझी सुपारी तर चैतातच..."

लक्ष्मीबाईनं सुनेकडं वर बघितलंसुद्धा नाही. "पुरण घट झालं का बघ. लई शहाणी हायेस."

सुपारी फुटली तेव्हा सखूला एवढं माहीत होतं की त्या घरात एक बाई आहे. मूल होत नाही म्हणून दुसरी करून राहिले, दोघी नांदतील, असं बाप म्हणाला होता. त्या काळी ते सर्रास चालायचं. लग्नाच्या आधी बाई मेल्याचं कळलं, तेव्हा सखूच्या आईनं सुटकेचा श्वास सोडला होता की पोरीची सवत गेली. कशानं गेली, ते कुणी विचारलं नव्हतं. त्या श्राद्धाच्या दिवशी पुरण वाटता वाटता सखूला मेळ लागला, आधी आपली सुपारी, मागून तिची विहीर, आणि त्यानंतर त्या पोरीनं पोटभर असं कधी खाल्लं नाही.

बाकीचं तिला कळलं ते सासू मरायला टेकली तेव्हा. लक्ष्मीबाई मनाची कठीण, पण शेवटी तिलाही ते एकटीनं पेलवेना, तिनं सुनेला सांगून टाकलं. सखूसाठी बस्ता बांधून आणला त्या दिवशी तिनं नव्या नवरीचा शालू मुद्दाम जनकाच्या हातात दिला होता. "ही तुझ्या सवतीची लुगडी. घडी करून ठिव," म्हणाली होती. जनकानं घडी केली, शालू फळीवर ठेवला, घागर घेतली आणि विहिरीवर गेली. घागर भरून काठावर ठेवली. मग गेली. तातेराव धावत पोचला तेव्हा काठावर ती भरलेली घागर तेवढी होती. लक्ष्मीबाईनं लेकाला बजावलं, पाय घसरला म्हणायचं. आणि रडायचं नाही, रडलास तर ती वाट धरून बसेल. तातेराव रडला नाही. दोन महिन्यांच्या आत बोहल्यावर उभा राहिला.

तातेराव तसा माणूस वाईट नव्हता. नुसता आईच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि त्यातच सगळं आलं.

सखूचं पहिलं लेकरू बारशाच्या आधीच गेलं. गावातल्या बाया बोलल्या, सवतीनं नेलं. दुसऱ्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं, दगडोबा नाव ठेवलं, ते जगलं. पाठीवर एक पोरगी झाली, तीही जगली. पण विहिरीच्या वाटेनं सखू कधी गेली नाही. गावाबाहेरच्या आडावरून, दुपटीनं लांबून, ती पाणी आणायची.

या सगळ्यात तिला सुखाचं असं एकच ठिकाण होतं, आणि तेही सवतीचंच होतं. जनकाचं माहेर.

रीतच तशी आहे. लेक मेली आणि जावयानं दुसरी केली की त्या दुसरीला लेक मानायचं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला गोरेगावाकडून एक बाई बैलगाडीत बसून आली. धिप्पाड, कपाळावर आडवं गोंदण, हातात पुरणाच्या दिंडांचं गाठोडं. जनकाची आई, मंजुळाबाई. घरात पाऊल टाकल्यावर तिनं आधी टाकाकडं बघितलं, मग सखूच्या तोंडाकडं. सखूला वाटलं, ही रडेल, शिव्या देईल, काहीही करेल. मंजुळाबाईनं दोन्ही हात पसरले. "ये गं जनका," म्हणाली. "किती वाळलीस माय."

सखूची स्वतःची आई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेली. बाप त्याआधीच गेलेला. भाऊ आपापल्या संसारात. बहीण म्हणून कुणी साडीचोळी केली नाही, न्यायलाही कुणी आलं नाही. मंजुळाबाई मात्र दर वर्षी आली, किंवा तिनं धाकट्या लेकाला, कोंडीबाला धाडलं. सखूची तिन्ही बाळंतपणं तिनं केली. डोक्याला तेल लावायची, पाठ शेकायची, डिंकाचे लाडू बळंच तोंडात कोंबायची. "जनका, खा. जनका, नीज." त्या घरी तेच नाव कानाला टोचत नव्हतं. हे प्रेम आपलं नाही, दुसरीच्या वाट्याचं आपण खाऊन राहिलो, हे सखूला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं ते खाल्लं. उपाशी माणूस ताट कुणाचं ते विचारतो का?

एक गोष्ट मात्र तिथंही सुटली नाही. वेणी घालता घालता मंजुळाबाईचे हात मध्येच थांबायचे. आता विचारेल, म्हणून सखू वाट बघत बसायची. मग हात पुन्हा चालू व्हायचे.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. मोठा दुष्काळ येऊन गेला, लक्ष्मीबाई कधीच गेली होती, दगडोबा बापाच्या खांद्याला लागून औत धरू लागला. सखूच्या केसांत रुपेरी तारा आल्या. आणि सगळ्या पंचक्रोशीत तिचं खरं नाव आता कुणालाच आठवत नव्हतं. एकटी पद्माबाई सोडून.

पद्माबाई बौद्धवाड्यातली. हळदीच्या खुरपणीला दोघी एका पातीला, लागून लागून ओळी धरून असायच्या. दुपारची भाकर मात्र अजूनही दोन बांधांवर वेगवेगळी सुटायची. गावाची तेवढी अक्कल तेव्हा होती आणि त्याची लाज कुणाला नव्हती. पण खुरपं चालू असताना तोंड कुणाचं बांधता येतं? असंच एकदा सखूनं तिला आपलं खरं नाव सांगितलं होतं. पद्माबाईचं जन्मनाव कचरी. लेकरं जगत नव्हती म्हणून बापानं कचऱ्यात ठेवून उचललेली. धम्मदीक्षेच्या वेळी तिनं ते नाव टाकलं आणि पद्मा घेतलं.

"मला आधी कचरे म्हणायचा की न्हाई तुझा सासरा, हयात होता तवा?" ती एकदा म्हणाली. "मी ओ देणंच बंद केलं. एक हाक, दोन हाका, तीन हाका. मंग झक मारत पद्माबाई म्हणाला. नाव टाकलं, देव टाकले, काय आभाळ कोसळलं का?"

"तुझं बराबर हाय," सखू म्हणाली. "तुझं नाव वंगाळ होतं. माझं नाव वंगाळ न्हाई. ते मेलेल्या माणसाचं हाय."

"मंग ज्याचं हाय त्याला देऊन टाक की बाई!"

"कुणाला देऊ? ती तर गेली."

पद्माबाई म्हणाली, "सखू नाव चांगलं हाय," आणि पात पुढं ओढली. ते चार शब्द सखूनं दिवसभर तोंडात घोळवले.

त्या साली पंचमीला ओढ्यांना पूर होते, गोरेगावकडून कुणी आलं नाही. पोळा झाला आणि कोंडीबा येऊन अंगणात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"अक्का, चल. मायचं काही खरं न्हाई. डोळ्यांनी दिसंना झालंय. अन्न सोडलंय. तिनं एकच धरलंय."

"काय?"

"जनकाला आणा म्हणती. जनकाला विचारायचं हाय म्हणती, त्या दिवशी काय झालं." कोंडीबानं मान खाली घातली. "अक्का, तिला भ्रम झालाय. तिला तू तीच वाटून राहिलीस. एकदा काय ते सांगून टाक, म्हंजी सुटंल बिचारी. दोन दिवसांपासून जीव घशाशी अडकून राहिलाय."

सखूनं हातातलं सूप खाली ठेवलं. तातेराव गोठ्याच्या दारात उभा होता, त्यानं ऐकलं. कोंडीबा पाणी प्यायला वळला तसा तो जवळ आला. इतक्या वर्षांत त्या दोघांत विहिरीचा विषय एकदाही निघाला नव्हता.

"पाय घसरला म्हण," तो हलक्या आवाजात म्हणाला. "म्हातारीला सुखानं मरू दे. समदं सांगून कुणाचं भलं होणार हाय? तुझं तर न्हाईच." आणि मग, तिच्याकडं न बघता, "तुझं तिथलं येणंजाणं बी तुटंल."

खरं तेच बोलला. सखूलाही तेच भय होतं. लबाडी करावी तर मरणाऱ्या आईला फसवायचं, तेही तिच्या लेकीच्या नावानं. खरं सांगावं तर जगात आपलं म्हणावं असं जे एक दार, तेही आपल्याच हातानं लावून घ्यायचं. हिंगोलीपर्यंत एसटीत आणि पुढं गोरेगावच्या जीपमध्ये ती टाक मुठीत धरून बसली होती. "तूच सांग गं बाई," ती टाकाला म्हणत होती. "तुझी आई हाय. तूच सांग, काय बोलू." टाक काय बोलणार! घामानं ओला होऊन मुठीत पडून राहिला.

मंजुळाबाई ओसरीतल्या बाजेवर होती. धिप्पाड बाईचं नुसतं चिपाड झालं होतं. दुपारचं ऊन बाजेच्या पायापर्यंत आलं होतं. सखूच्या पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली.

"आलीस?"

"आले, माय."

"कोंड्या, भाईर जा. समदे भाईर जा. आमा मायलेकीला बोलायचं हाय." सगळे गेले. मंजुळाबाईनं हात चाचपडत पुढं केला, सखूनं धरला. "आता कुणी न्हाई. तुझी सासू न्हाई, तुझा नवरा न्हाई. मला सांग जनका. त्या दिवशी घागर कुठं होती?"

घागर! सखूनं बाकी सगळ्याची तयारी केली होती. घागरीचं कोण विचारेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"पाय घसरला, माय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "घागर हातातच होती. तिच्यासंगंच मी खाली गेले."

म्हातारीनं तिचा हात सोडला नाही. मग म्हणाली, "मागं फळीवर बघ. मधली घागर."

सखूनं मागं बघितलं. तांब्याची घागर, चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

"लेकरूबाळ न होता लेक मेली की आंदणाची भांडी माघारी येतात. ही तीच घागर हाय. दर सणाला मीच घासते. समदीकडून हात फिरवून बघितलाय. एक पोचा न्हाई गं तिला. एवढ्या खोल विहिरीत पडलेल्या घागरीला एक पोचा न्हाई?" तिचा आवाज वाढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी नावं ठिवून यमाला फसवलेली बाई हाय. कोंड्यात घालून हे पोरगं वाचवलंय. मला नावानं फसवाया बसलीस? माझी जनका मरंल, पण मला खोटं बोलणार न्हाई. तू कोण हायेस?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न सखूला कुणी विचारलाच नव्हता.

"सखू," ती म्हणाली. तोंडातून ते नाव पंधरा वर्षांच्या पोरीचं निघावं तसं बारीक निघालं. "मी सखू, जवळा बाजारची. माय... तुमाला आता माय तरी कसं म्हणू. पाय घसरला न्हाई. कुणी ढकललं बी न्हाई. घागर भरून काठावर ठिवली तिनं, आन् मंग गेली."

"काहून?"

"माझ्यापायी."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. चैत्रातली सुपारी सांगितली, बस्ता सांगितला, लक्ष्मीबाईनं शालू हातात दिला ते सांगितलं. काही लपवलं नाही, काही स्वतःच्या बाजूनं फिरवलं नाही. मंजुळाबाई डोळे मिटून ऐकत होती. शालूपाशी आल्यावर तिनं विचारलं, "घडी कशी केली होती?"

"काठ आत दुमडून. मोडू नये म्हणून मधी जुनेराचा तुकडा घालून. मी उकलला तवा तो तसाच निघाला."

म्हातारीची बोटं पदराचा काठ आत दुमडू लागली. "मीच शिकवली ती घडी. सवतीच्या शालूला बी जुनेर घातलं व्हय गं तिनं!" मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत गेलं. सखूनं पुसायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"तुझं वय काय होतं?"

"पंधरावं लागलं होतं."

"तिला दिली तवा तिला बी तेवढंच होतं." तिनं डोळे उघडले. "आन् तू ही इतकी वर्सं माझ्या हातचं खाऊन गेलीस. एका दिवशी बी सांगावं वाटलं न्हाई?"

"रोज वाटलं," सखू म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. "तुमी मला लेक म्हणत होता. सांगितलं असतं तर म्हणला नसता. मला दुसरं कुणीच न्हाई हो."

मंजुळाबाईनं हात पुढं केला, पालथा नव्हे, उताणा. "टाक काढ."

दोऱ्याची गाठ घामातेलानं दगड झाली होती. सखूनं दोरा डोक्यावरून ओढून काढला. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या गळ्यात टाक नव्हता. म्हातारीनं टाक बोटांनी चाचपला, त्यावर उठवलेल्या बाईचं तोंड अंगठ्यानं शोधलं, आणि मूठ गच्च मिटून गालाशी धरली. "आलीस व्हय," ती पुटपुटली. "लई उशीर केलास माय." ते सखूला नव्हतं. सखू बाजेशी बसून राहिली. कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या, बाहेर कोंडीबा कुणाशी तरी औताबद्दल बोलत होता.

बऱ्याच वेळानं मंजुळाबाईनं मान तिच्याकडं वळवली. "जा आता, सखू."

रागानं म्हणाली नाही. मायेनंही म्हणाली नाही. परक्या घरची कामाला आलेली बाई निघते तेव्हा म्हणतात, तसं म्हणाली. सासरी गेल्यापासून कुणा वडीलधाऱ्याच्या तोंडून तिला आपलं नाव ऐकायचं होतं. ते आज ऐकलं, आणि उठून जाण्यासाठी ऐकलं.

"पुन्यांदा येऊ का?" सखूनं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"कुणाकडं येशील?" मंजुळाबाई म्हणाली.

सखूनं बाजेच्या खुराला डोकं टेकवलं आणि ती निघाली. दारात कोंडीबा म्हणाला, "अक्का, आताच कुठं? भाकर तरी खा." ती थांबली नाही. त्या दिवशी तिनं हिंगोलीच्या स्टँडवर बाकड्यावर बसून संध्याकाळची गाडी धरली आणि वसमतला चुलतनणंदेकडं रात्र काढली. सकाळी गावात आली तेव्हा तिच्या आधीच निरोप पोचला होता. मंजुळाबाई दिवस बुडता बुडताच गेली होती. मूठ काही केल्या उघडली नाही, म्हणून तशीच नेली, असं मागाहून कळलं.

तातेराव ओसरीत बसला होता. तिला बघून नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "जनका, पाणी दे गं."

सखू पिशवी ठेवून जोत्यावर टेकली. उठली नाही.

"जनका!"

"जनका तिच्या मायकडं ऱ्हायली," सखू म्हणाली.

तातेरावानं तिच्या गळ्याकडं बघितलं. मंगळसूत्र होतं, त्याच्या खाली काही नव्हतं. दोऱ्याचा काळा वळ तेवढा कातडीवर उरला होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"समदं?"

"समदं."

"काय म्हणली?"

"लेक ठिवून घेतली. मला जा म्हणली."

तातेराव उठून आत निघाला, पण उंबरा ओलांडला नाही. तो तिथंच उंबऱ्यावर बसला. त्या बाईला विहिरीतून काढलं तेव्हा हा माणूस रडला नव्हता, तेराव्याला रडला नव्हता. रडायचं कशाला? नाव घरात चालूच होतं. हाक मारली की ओ येत होती, पाणी येत होतं, भाकर येत होती. जनका मेली असं त्या घरात कुणी कधी म्हटलंच नव्हतं. आता त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि गळा फाडून हंबरडा फोडला. "जनके! जनके गं!"

गोठ्यातून दगडोबा धावत आला. बापाला असं त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. तो घाबरून आईकडं वळला. "आई, बा बोलावून राहिला ना तुला! ओ दे की!"

सखूनं पदरानं तोंड पुसलं. नवरा रडत होता, त्याला तिनं रडू दिलं.

"मला न्हाई बोलावून राहिले, बाबा," ती म्हणाली.